गडचिरोलीवरून उडण्याआधी

निवडणूक आली की गडचिरोलीच्या आकाशात हवाई दलाची एमआय-१७ हेलिकॉप्टरं दिसू लागतात. मतदान पथकं, यंत्रं, बंदोबस्ताचे जवान यांना जंगलातल्या तळांवर वेळेत पोचवायचं असतं. खालून बघणाऱ्याला दिसतो तो धुरळा आणि उतरण्या-चढण्याची लगबग. त्याआधी टेबलावर झालेलं काम दिसत नाही. लष्करी वैमानिकाच्या शिक्षणात या टेबलाचा वाटा फार मोठा आहे, आणि चंद्रपूर-गडचिरोलीचा नकाशा समोर घेतला की तो का मोठा आहे ते लख्ख कळतं.

हवाई दलाचे हेलिकॉप्टर वैमानिक हैदराबादजवळ हकीमपेठला शिकतात, लष्कराचे नाशिकला, कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूलमध्ये. २०२२ साली कॅप्टन अभिलाषा बराक लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक झाल्या त्या या नाशिकच्याच संस्थेतून. शाळा कुठलीही असो, विद्यार्थ्याला मशीनजवळ जाण्याआधी नकाशा, हवामान, इंधन आणि वजन या चारही गोष्टींची उत्तरं कागदावर मांडून प्रशिक्षकापुढे बसावं लागतं.

नागपूरहून भामरागडला जायचं आहे असं धरू. सरळ रेषेत हे अंतर अंदाजे २४५ किलोमीटर, म्हणजे १३२ सागरी मैल. १२० नॉट वेगाने तासापेक्षा सहा मिनिटं जास्त. समोरून १५ नॉटचा वारा असेल तर जमिनीवरचा वेग १०५ वर येतो आणि वेळ सव्वा तासावर जाते. परतताना तोच वारा पाठीशी राहील असं गृहीत धरायचं नसतं. नागरी नियमांत दिवसा डोळ्यांनी बघत उडणाऱ्या हेलिकॉप्टरला मुक्कामापर्यंतच्या इंधनावर निदान २० मिनिटांचं इंधन राखीव ठेवावं लागतं. लष्करी आदेश वेगळे असतात, पण हिशेबाची रीत हीच. भामरागडला इंधन मिळेल असं धरून निघता येत नाही, म्हणून परतीचं इंधनही निघतानाच टाकीत हवं. आणि वाटेत कुठल्या मिनिटानंतर माघारी फिरणं अशक्य होईल, तो बिंदू नकाशावर आधीच खुणावलेला हवा.

दिशेचा हिशेब वैमानिक ‘साठात एक’ या नियमाने करतात. एक अंश चूक झाली तर ६० मैलांवर एक मैल बाजूला पडतो. पाच अंश चुकले तर भामरागडपर्यंत ११ सागरी मैल, म्हणजे २० किलोमीटर. एवढ्या चुकीने माणूस सहज छत्तीसगडात शिरतो. मैदानी मुलखात रस्ते, रेल्वे, गावं सावरून घेतात. इथे खाली मैलोन् मैल साग, मोह, ऐन यांचं छत. खुणा म्हणजे नद्या: आधी वैनगंगा, शेवटी भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती यांचा संगम. पण उन्हाळ्यात नदीचं पात्र आकसतं, पावसाळ्यात काठ सोडून पसरतं. नकाशावरची निळी रेघ आणि खालचं पाणी जुळेलच असं नाही. म्हणून नदीचं वळण, तिला मिळणारा नाला, शेजारची टेकडी अशा दोन-तीन गोष्टी एकत्र ताडून बघायला शिकवतात. घड्याळात ठरलेलं मिनिट झालं की खाली ठरलेली खूण दिसलीच पाहिजे. दिसली नाही तर आपण कुठे आहोत हा प्रश्न तिथल्या तिथे सोडवायचा, पुढे रेटायचं नाही.

वजनाचा प्रश्न इथे उन्हाळ्यात फार अवघड होतो. चंद्रपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम १९० मीटरवर. मे महिन्यात पारा ४६ अंशांवर गेला की हवा विरळ होते. प्रमाण तापमानापेक्षा प्रत्येक अंश जास्त उष्णतेला साधारण १२० फूट उंची वाढली असं मानतात. इथे फरक ३२ अंशांचा, म्हणजे ३,८४० फूट; त्यात चंद्रपूरची ६२० फूट मिळवा. पंख्यांच्या लेखी आपण ४,४६० फुटांवर, महाबळेश्वरच्या उंचीवर उभे असतो. एमआय-१७ व्ही-५ कागदावर ४ टन उचलतं, पण या हवेत आणि चारही बाजूंनी झाडं असलेल्या मोकळ्या तुकड्यात ते धरता येत नाही. जमिनीलगत तरंगताना पंख्यांना खालच्या हवेचा आधार मिळतो. झाडांच्या उंचीवर तो नसतो, तिथे जास्त ताकद लागते. मग जवान कमी करायचे की इंधन, की पहाटेच्या थंड हवेत दोन फेऱ्या करायच्या, हे निघण्याआधीच ठरवावं लागतं.

हवामान हा सगळ्यात फसवा भाग. मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचण्याआधी झाडाखालचा पाचोळा जाळतात. तो धूर वणव्याच्या धुरात मिसळून दूरचं धूसर करतो. पावसाळ्यात ढग डोंगरांवर टेकतात. १७ जुलै २०२४ रोजी सुरजागड इस्पातच्या कार्यक्रमासाठी नागपूरहून गडचिरोलीकडे निघालेलं देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचं हेलिकॉप्टर वाटेत ढगांत सापडलं होतं. दोघेही तेव्हा उपमुख्यमंत्री. सगळे सुखरूप उतरले, आणि चहूकडे फक्त ढग दिसत असतानाची धास्ती पवारांनी नंतर भाषणात सांगितली. ढगात शिरलं की डोळे आणि कानांतला तोल दोन्ही खोटं सांगू लागतात. म्हणून प्रशिक्षणात दृश्यमानतेचा आणि ढगांच्या तळाचा किमान आकडा उड्डाणाआधी ठरतो आणि तो हवेत बदलत नाही. हवेत बदलण्याची मुभा असती तर पुढचा डोंगर ओलांडून बघू, हा मोह कुणालाही आवरला नसता. मला हा सगळ्यात शहाणा नियम वाटतो.

शेवटी ब्रीफिंग. विद्यार्थी आपला बेत उभं राहून मांडतो, प्रशिक्षक त्यात भोकं शोधतो: शेपटीचा पंखा बिघडला तर? रेडिओ गेला तर? कुठे उतरशील? मग उड्डाणाची परवानगी नोंदवहीत सहीनिशी लिहिली जाते, आणि वैमानिक हवाई दलात ‘फॉर्म ७००’ म्हणतात ती विमानाची दुरुस्ती-नोंद वाचून, सही करून मशीन ताब्यात घेतो.

मुक्कामाच्या हवेचा प्रश्न मात्र तरीही उरतो. विमानतळाचा रीतसर हवामान अहवाल मिळतो तो नागपूरचा. भामरागडला तसा विमानतळच नाही. तिथल्या ठाण्यातल्या माणसाला बिनतारीवर ‘हवा कशी आहे?’ असं विचारलं तर ‘ठीक आहे’ एवढंच उत्तर मिळतं. म्हणून प्रश्न नेमका हवा: समोरच्या डोंगराचा माथा दिसतो का, नदीपलीकडची झाडं वेगळी ओळखता येतात का, हेलिपॅडवरचा झेंडा कुठल्या बाजूला फडफडतोय.