डब्यावरील आकड्यांचे कोडे

एका चमच्यात गार काकवी व दुसऱ्यात कोमट काकवी घ्या. दोन्ही चमचे एकदम कलते करा. कोमट काकवी आधी ओघळेल. द्रवाच्या वाहण्यास होणाऱ्या अंतर्गत विरोधाला विष्यंदिता म्हणतात. तापमान वाढले की ती घटते.

वाळू, चिखल किंवा बर्फ तुडवणाऱ्या 'एटीव्ही' या वाहनाचे इंजिन तेल निवडताना हाच पेच पडतो. थंडीत तेल फार दाट असेल, तर ते सर्व भागांपर्यंत वेळेवर पोचत नाही व धातूवर धातू घासतो. चढावर वाहन संथ चालते, वारा कमी लागतो, इंजिन तापते. त्या वेळी तेल फार पातळ झाले, तर धातूंमधला तेलाचा पापुद्रा तुटतो.

डब्यावरील '१०डब्ल्यू-४०' हे या पेचाचे उत्तर आहे. 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, अर्थात हिवाळा. त्याआधीचा आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत सहज वाहते. नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला असणारी विष्यंदिता दर्शवतो. तो मोठा, तर तापलेले तेल दाट.

पण एवढ्याने भागत नाही. अनेक एटीव्हींत, आपल्याकडील बहुतेक मोटारसायकलींप्रमाणे, क्लचच्या तबकड्या इंजिनाच्याच तेलात भिजत असतात. क्लचला तर घर्षण हवेच! मोटारीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी रसायने असतात; त्यांनी क्लच घसरतो. म्हणून अशा वाहनासाठी 'जासो एमए' ही जपानी मानकाची खूण पाहावी.

घरच्या मोटारसायकलीची पुस्तिका उघडा. तेथील आकड्यांचा अर्थ तुम्हांला लावता येतो का?