मैफल, साथ आणि शिकवणी: शास्त्रीय कलाकाराचं घर नेमकं कशावर चालतं?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)



शास्त्रीय संगीताच्या कुठल्याही कार्यक्रमाला गेलात की सुरुवातीला निवेदक कलाकाराची ओळख करून देतात. नीट कान देऊन ऐकलंत तर त्यात तीन वाक्यं हमखास सापडतात. देश-विदेशात मैफली केल्या आहेत. अनेक दिग्गजांना साथसंगत केली आहे. आणि अनेक विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करत आहेत. आपण टाळ्या वाजवतो आणि विसरून जातो. पण ही तीन वाक्यं म्हणजे त्या माणसाच्या संसाराचा जमाखर्चच असतो. आज तोच उलगडून बघू.

माझी ओळख जुन्या श्रोत्यांना आहेच. दिवसा मी सॉफ्टवेअर लिहितो. शाळेत असताना तबल्याच्या परीक्षा मध्यमापर्यंत दिल्या, मग बी.टेक.ला गेलो. माझ्याबरोबर शिकणारा एक मित्र मात्र तबल्यातच राहिला. आज तो पूर्णवेळ तबलावादक आहे. मी जे सांगणार आहे त्यातलं बरंच त्याचं कॅलेंडर जवळून बघून कळलेलं आहे.

पहिला प्रश्न. नुसत्या मैफलींवर का भागत नाही? याचं एक उत्तर अर्थशास्त्रात आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अर्थतज्ज्ञांनी १९६६ साली रंगमंचीय कलांच्या अर्थकारणावर पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा असा, की कारखान्यात यंत्र सुधारलं की तेवढ्याच माणसांत जास्त माल निघतो, म्हणून पगार वाढवणं परवडतं. पण चार जणांनी मिळून वाजवायची रचना दोनशे वर्षांपूर्वी जेवढी माणसं आणि जेवढा वेळ मागत होती, तेवढाच आजही मागते. आपल्याकडे बघा ना. विलंबित एकतालातला बडा ख्याल चाळीस-पन्नास मिनिटं घेतो. तो ‘ऑप्टिमाइझ’ करून दहा मिनिटांत उरकला तर तो बडा ख्यालच राहत नाही. मी एकदा लिहिलेला कोड हजार ठिकाणी चालतो. गायकाला मात्र प्रत्येक मैफल पहिल्यापासून उभी करावी लागते. घरभाडं इतर जगाच्या वेगाने वाढतं, मैफलींची संख्या तशी वाढत नाही.

त्यात हंगाम असतो. गणपती, दिवाळी पहाट, डिसेंबरात पुण्याचा सवाई, मग जानेवारी-फेब्रुवारीतले महोत्सव. उन्हाळ्यात आणि भर पावसात डायरी बरीच कोरी. हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला जातोच.

आता कुणी म्हणेल, पूर्वी असं नव्हतं, कलाकार फक्त साधना करायचे. पूर्वी संस्थानांचा आश्रय होता, हे खरं. पण तो आटायला लागला तेव्हाच हे तीन पायांचं स्टूल तयार झालं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते लोकांच्या पैशावर. तिथे संगीत शिकवू शकतील असे शिक्षक तयार करणं हा मोठा उद्देश होता. म्हणजे ‘संगीतशिक्षक’ हा सन्मानाचा व्यवसाय होऊ शकतो, हे त्यांनी ठरवून घडवलं. १९३१ मध्ये त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. प्रारंभिक ते अलंकार या ज्या परीक्षा आपण घोकून दिल्या, त्या याच मंडळाच्या.

दुसरं उदाहरण पुण्याचं, भास्करबुवा बखल्यांचं. बुवा ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तीन घराण्यांची तालीम घेतलेले मैफलीचे गवई. त्यांनीच १९११ मध्ये भारत गायन समाज सुरू केला. बालगंधर्व, मास्टर कृष्णराव, गोविंदराव टेंबे हे त्यांचे शिष्य. आणि १९१६ च्या ‘संगीत स्वयंवर’ला चालीही त्यांच्याच. मैफल, नाटक मंडळीबरोबरचं काम आणि विद्यादान, तिन्ही एकाच माणसात. त्यामुळे आजचा एखादा गायक सकाळी क्लास घेतो आणि दुपारी रेकॉर्डिंगला जातो, तर त्यात काही तडजोड झाली असं समजायचं कारण नाही.

आता साथसंगत. मुख्य कलाकाराला एका शहरातून वर्षाकाठी किती आमंत्रणं येणार? आयोजकांना दर वर्षी नवीन नाव हवं असतं. साथीदाराचं गणित वेगळं आहे. चांगला तबलजी किंवा हार्मोनिअमवादक दहा-पंधरा गायकांबरोबर वाजवू शकतो, शिवाय कथक, अभंगवाणी, नाट्यसंगीत आहेच. म्हणून त्याची डायरी लवकर भरते. पण सगळं दुसऱ्याच्या फोनवर अवलंबून. आपलं नाव पत्रिकेत खाली, मानधनही सहसा कमी, आणि एखाद्या गायकाशी सूर बिघडला की वर्षाचे चार-सहा कार्यक्रम गेलेच.

आणि साथ म्हणजे दुय्यम कौशल्य, हा तर मोठाच गैरसमज. अतिविलंबित लयीत ठेका स्थिर धरणं, गायकाचा श्वास ओळखून समेआधी मोकळी जागा सोडणं, हे स्वतंत्र शिक्षण आहे. झाकिर हुसेन यांचंच बघा. रविशंकर, शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर साथ, १९७३ पासून जॉन मॅकलॉफ्लिन यांच्यासोबत ‘शक्ती’, जोडीला स्वतंत्र वादन, आणि स्टॅनफर्ड-प्रिन्स्टनसारख्या विद्यापीठांत अध्यापन. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांना एका रात्रीत तीन ग्रॅमी मिळाले, ते तिन्ही इतरांबरोबर केलेल्या कामासाठी. दुसऱ्याचं ऐकत वाजवण्याची सवय साथीतूनच येते.

तिसरा पाय शिकवणीचा. महिन्याला ठरलेली रक्कम इथूनच येते, म्हणून बहुतेकांचं घर खरं तर यावर चालतं. आणि इथे माझा प्रांत सुरू होतो, कारण हल्ली यातलं बरंच ऑनलाइन आहे.

ऑनलाइन क्लासमध्ये गुरू आणि शिष्य एकत्र वाजवू का शकत नाहीत? गणित करून बघू. पुणे ते न्यू जर्सी अंतर धरा साधारण साडेबारा हजार किलोमीटर. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे आवाज एका बाजूला पोचायलाच किमान ६२ मिलिसेकंद, जाऊन-येऊन १२५. केबल सरळ रेषेत नसते, शिवाय मधली यंत्रं आणि अ‍ॅप वेळ खातात, म्हणजे प्रत्यक्षात याहून जास्तच. आता द्रुत तीनताल मिनिटाला २४० मात्रांचा धरला तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. म्हणजे गुरुजींनी धा वाजवला, शिष्याने त्यावर बरोब्बर धा दिला, तरी गुरुजींच्या कानावर तो किमान अर्धी मात्रा उशिरा पडणार! कितीही भारी इंटरनेट घ्या, प्रकाशाचा वेग बदलत नाही.

म्हणून शिकवण्याची पद्धतच बदलावी लागते. गुरुजी वाजवतात, थांबतात, मग शिष्य वाजवतो. लेहरा शिष्याच्या बाजूला लावायचा, गुरुजींच्या नाही. आणि आणखी एक: कॉलिंग अ‍ॅप तानपुऱ्याला पंख्याचा आवाज समजून दाबून टाकतं, कारण तो सतत चालू असतो. सेटिंगमध्ये जाऊन मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याचा पर्याय चालू करा. मित्राच्या क्लासमध्ये निम्म्या तक्रारी एवढ्यानेच मिटल्या.

पण जी अडचण सेटिंगने सुटत नाही, ती वेळेची. अमेरिकेतल्या पालकांना शनिवारी सकाळी दहाचा क्लास हवा असतो. तिथे उन्हाळी वेळ चालू असेल तर आपल्याकडे तेव्हा शनिवारचे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. आणि आपल्याकडे मैफली कधी असतात? शनिवारी संध्याकाळीच! गेल्या वर्षी मित्राला एका मोठ्या गायिकेबरोबर महिन्याभराच्या दौऱ्याचं विचारणं आलं. गेला तर आठ विद्यार्थ्यांचे क्लास बुडणार, त्यातले काही परत येणार नाहीत. नाही गेला तर तो फोन पुन्हा येईलच असं नाही. तो गेला. परत आला तेव्हा तीन विद्यार्थी सोडून गेले होते. पण त्या दौऱ्यामुळे दोन नवीन गायकांचे फोन यायला लागले. हिशेब जुळला का? तो म्हणतो, ‘दोन वर्षांनी विचार.’

मागच्या भागानंतर एका ताईंचा मेसेज आला होता. लेकीला बारावीनंतर गाण्यातच पुढे जायचंय, आणि घरात रोज वाद होतोय. ताई, ‘टॅलेंट आहे का’ एवढाच प्रश्न विचारू नका. तीन प्रश्न विचारा. तिला दुसऱ्याच्या गाण्याला तंबोऱ्यावर बसायला, मागून सूर द्यायला आवडतं का? लहान मुलाला तोच पलटा विसाव्यांदा शिकवताना ती वैतागते का? आणि ज्या महिन्यात एकही कार्यक्रम नाही, त्या महिन्यातही ती रियाजाला बसेल का? तिन्हींची उत्तरं बरी असतील तर तिला एक पाय घट्ट होईपर्यंत, समजा पाच-सहा वर्षं, घरचा आधार द्या. विशारद, आकाशवाणीची ग्रेड यांनी क्लास आणि कार्यक्रम मिळायला मदत होते, पण ती नोकरीची हमी नाही, हेही तिला आत्ताच सांगा.

कागदपत्रांच्या दोन गोष्टी सांगून थांबतो. शास्त्रीय किंवा लोककलेच्या सादरीकरणाचं मानधन एका कार्यक्रमाला दीड लाखांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्यालाही रॉयल्टीचा हक्क आहे, त्यामुळे रेकॉर्डिंगच्या करारावर न वाचता सही करू नका. साथीदारांनी तर अजिबात नाही.

तुमच्या ओळखीत कुणी साथीदार असेल तर त्यांचा अनुभव मला नक्की कळवा. पुढच्या भागात तानपुरा आणि मिरजेच्या कारागिरांबद्दल बोलू. तोपर्यंत ऐकत राहा. आणि हो, पुढच्या मैफलीत निवेदक साथीदारांची नावं घेतील, तेव्हा जरा जोरात टाळ्या वाजवा!