घरपोच आरोग्यसेवेची पारख

रुग्णालयातील सेवा अनेकांच्या नजरेखाली असते. घरी दिली जाणारी सेवा चार भिंतींआड राहते. म्हणूनच तिचा दर्जा व सुरक्षितता अधिक काटेकोरपणे पारखावी लागते. याचा वस्तुपाठ गडचिरोली जिल्ह्याने घालून दिला आहे.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ मध्ये तेथील ३९ गावांत नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग हाती घेतला. तुलनेसाठी ४७ गावे निवडली. गावातीलच प्रशिक्षित महिला बाळाचे वजन करीत, तापमान व श्वास तपासत आणि जंतुदोष आढळल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देत. हे सुरक्षित आहे काय, ही शंका रास्तच होती. तिचे उत्तर मोजमापाने दिले. तिसऱ्या वर्षी प्रयोगाच्या गावांत दर हजार जन्मांमागे नवजात मृत्यू सुमारे २५, तर तुलनेच्या गावांत सुमारे ६० होते.

याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशा कार्यकर्ती रुग्णालयातील प्रसूतीनंतर ४२ दिवसांत ६ गृहभेटी देते. मात्र भेटींची संख्या म्हणजे दर्जा नव्हे. बाळाचे वजन झाले काय, धोक्याची लक्षणे आईला समजली काय, आजारी बाळ वेळेत रुग्णालयात पोचले काय, हे मातेलाच विचारावे. गडचिरोलीचे खेडे असो वा छत्रपती संभाजीनगरची छावणी, सेवेची खरी नोंद घरातच सापडते.