तेलाचा फिल्टर स्वस्त घ्यावा, पण पारखून घ्यावा

आमचा धंदा कापडाचा. इंजिनाशी आमचा संबंध एवढाच की, भिवंडीहून मुंबईच्या मंगळदास मार्केटला माल पोचविण्यासाठी आम्ही एक एको गाडी ठेवली आहे. तरीही आज तेलाच्या फिल्टरविषयी लिहावयास बसलो, कारण २०२२ साली साठ रुपयांच्या एका डब्याने आम्हाला खड्ड्यात घातले. आपल्यापैकी पुष्कळांकडे टेम्पो, व्हॅन किंवा जुनी मोटार आहे, काहींचा तर सुट्या भागांचाच व्यवसाय आहे. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून, चटका बसल्यावर जे शिकलो ते येथे देतो.

घडले असे. ईदेच्या आधीचे गर्दीचे दिवस होते. भाचा माल घेऊन निघाला आणि कशेळीच्या पुलाजवळ तेलाचा लाल दिवा लागला. व्यापारी मालाची वाट पाहत होता, म्हणून पोरगा गाडी तशीच पुढे दामटत गेला. दोन-तीन किलोमीटरवर इंजिन जाम झाले. आमचे मिस्त्री, ज्यांना सगळा मोहल्ला उस्ताद म्हणतो, त्यांनी फिल्टर काढून आमच्या हातात दिला. बुडाचा पत्रा जेथे दुमडलेला असतो तेथून तो उसवला होता आणि सगळे तेल रस्त्यावर गेले होते. इंजिनाचे काम, गाडी ओढून आणणे आणि पंधरा दिवस भाड्याचा टेम्पो मिळून ५३,००० रुपये गेले. फिल्टरवर नाव नामांकित कंपनीचे होते. आम्ही तो नेहमीच्या दुकानातून, बिलाशिवाय, पन्नास रुपये वाचवून घेतला होता.

"शेठ, हा डबा स्वस्त नव्हता, खोटा होता. दोन्हींत फरक आहे," असे उस्ताद म्हणाले. या एका वाक्यावर आम्ही बराच विचार केला. स्वस्त माल विकून आम्हीच तीस वर्षे पोट भरले आहे, तेव्हा स्वस्त म्हणजे वाईट असे आम्ही म्हणणार नाही. पण कापडाच्या काठावर नामवंत गिरणीचा छाप मारून हलका माल खपविणारे लोक आम्ही पाहिले आहेत. येथेही तोच प्रकार आहे. नक्कल नेहमी मोठ्या नावाचीच होते. अनोळखी नावाची नक्कल करून कोणाला काय मिळणार? म्हणूनच कमी प्रसिद्ध कंपनीचा ऐंशी रुपयांचा खरा फिल्टर, मोठ्या नावाच्या साठ रुपयांच्या फिल्टरपेक्षा पुष्कळदा अधिक भरवशाचा असतो.

आता डब्याच्या आत काय असते ते पाहू. घड्या घातलेला, राळेत भिजवून कडक केलेला कागद हा त्याचा जीव. तेल बाहेरून कागदात शिरते, गाळले जाऊन मधल्या भोकाभोकांच्या नळीत येते आणि तेथून इंजिनात जाते. दुसरी वस्तू म्हणजे बायपास वॉल. कागद चोंदला किंवा तेल थंडीने घट्ट झाले, तर स्प्रिंग दबून हा वॉल उघडतो आणि तेल न गाळताच पुढे जाते. कोरड्या इंजिनापेक्षा मळके तेल बरे, असा हा हिशेब आहे. हलक्या मालात ही स्प्रिंग इतकी नरम असते की वॉल जवळजवळ कायम उघडाच राहतो. गाडी व्यवस्थित चालते, दिवा लागत नाही, मालक खूश असतो आणि तेल मात्र एकदाही गाळले जात नाही. आमचा डबा फुटला तो एका अर्थी बरा. न फुटता इंजिन खाणारे डबे कोणाच्या ध्यानातही येत नाहीत. (काही गाड्यांत हा वॉल इंजिनातच बसविलेला असतो. त्यांच्या फिल्टरमध्ये तो नसला तर ती खोट समजू नये.)

तिसरा भाग रबराचा पडदा. इंजिन बंद झाल्यावर डब्यातील तेल परत खाली ओघळू नये म्हणून तो असतो. साधे रबर उष्णतेने काही महिन्यांत कडक होते, सिलिकॉनचे जास्त टिकते. ते बहुधा नारिंगी किंवा लाल असते, पण रंग कोणीही देऊ शकतो, हेही खरे. पडदा निकामी झाला की सकाळी गाडी सुरू करताना दोन-चार सेकंद खडखड ऐकू येते आणि दिवा उशिरा विझतो. ज्या गाडीत फिल्टर आडवा किंवा उलटा बसतो तिच्यात हे जास्त जाणवते. तोंड वर करून उभा लटकत असेल तर तेल तसेही डब्यातच राहते.

पारख करण्याचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे डबा उघडून पाहणे. उस्तादांनी आमच्यासमोर चार-पाच डबे उघडले. साध्या करवतीने कापू नये, लोखंडाचा भुसा कागदावर पडतो आणि भलताच समज होतो. मोठ्या पाइप कटरने कडेने कापावा. कागदाच्या घड्या सारख्या अंतरावर आहेत का, जोड नीट चिकटला आहे का, दोन टोकांच्या चकत्यांशी डिंक सगळीकडे धरला आहे का, हे पाहावे. आमच्या फुटलेल्या डब्यात एका बाजूच्या घड्या एकमेकींना चिकटल्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला बोट जाईल एवढी फट होती. तेल फटीतूनच जाणार, ते कागदाला कशाला विचारते?

घड्या मोजून निकाल देणारेही भेटतात. हे म्हणजे पन्हा न पाहता नुसते ताग्याचे मीटर मोजण्यासारखे झाले. घडीची खोली आणि उंची यांवर कागदाचे क्षेत्र ठरते. घड्या अति दाटल्या तर मधून तेल फिरत नाही. जड डबा म्हणजे चांगला, हाही भ्रमच. पत्रा दणकट असावा हे खरे, पण वजन पाहून आतला कागद कळत नाही. टोकाच्या चकत्या पुठ्ठ्याच्या असल्या तर लोक नाक मुरडतात. अमेरिकेत फ्रॅम कंपनीच्या नारिंगी डब्यावर याच कारणाने वर्षानुवर्षे टीका झाली, तरी तो डबा तेथे अमाप खपत आला. पुठ्ठा डिंकाने पक्का धरलेला असेल आणि वेळेवर बदली होत असेल, तर केवळ त्यावरून माल नाकारण्याचे कारण नाही.

खोक्यावर '९९ टक्के गाळतो' असे छापलेले असते. किती मायक्रॉनचा कण, हे सोबत लिहिलेले नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरतात. ४० मायक्रॉनचा कण अडविणे सोपे, २० चा अडविणे अवघड. यासाठी आयएसओ ४५४८-१२ ही ठरलेली चाचणी आहे. जो कारखानदार चाचणी, कण आणि टक्केवारी तिन्ही सांगतो, त्याचे बोलणे ऐकून घ्यावे. अर्थात, कागद फार बारीक असेल तर तो लवकर चोंदतो, हेही लक्षात ठेवावे.

नावलौकिकाविषयी थोडेसे. आपल्या बाजारात बॉश, महले, पुरोलेटर, एलोफिक ही नावे काउंटरवर नेहमी ऐकू येतात, शिवाय गाडीच्या कंपनीचा स्वतःचा डबा असतो. मात्र गाडीची कंपनी फिल्टर बहुधा दुसऱ्याकडूनच बनवून घेते, आणि पुष्कळ छोटी नावेही दुसऱ्याच्या कारखान्यातून डबे भरून घेतात. म्हणून 'कोणाचे नाव आहे' याबरोबर 'कोण बनवतो' हेही खोक्यावर वाचावे. माहिती कोणाला विचारावी? दुकानदार नफ्याकडे पाहून सांगतो, काही मिस्त्री कमिशनकडे पाहून. आम्ही प्रश्न बदलला. 'कोणता चांगला?' असे न विचारता, 'तुमच्या स्वतःच्या गाडीत कोणता आहे?' आणि 'वर्षात कोणते परत आले?' असे विचारतो. उत्तरे निराळी मिळतात.

खोक्यावर बनविणाऱ्याचे नाव व पत्ता, महिना व वर्ष, कमाल किंमत आणि ग्राहक तक्रारीचा क्रमांक असणे २०११ च्या वेष्टित मालाच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. छपाई पुसट, स्पेलिंग चुकलेले, होलोग्रामच्या जागी नुसती चमकदार चिकटपट्टी, असे दिसले तर डबा परत ठेवावा. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झालेले, इंग्रजी अक्षरे आम्ही एकेक करून वाचतो. या बाबतीत तोच आमचा फायदा झाला आहे, कारण भरभर वाचणाऱ्याला चुकलेले अक्षर दिसत नाही.

सुटे भाग विकणाऱ्या बंधूंना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. १९९९ च्या ट्रेड मार्क कायद्याच्या कलम १०४ नुसार खोट्या छापाचा माल विकणाऱ्यालाही सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. आपण योग्य ती खबरदारी घेतली होती, संशयाला जागा नव्हती आणि माल कोणाकडून घेतला हे विचारताच सांगितले, असे सिद्ध केले तर सुटका होऊ शकते. ते सिद्ध करावयाला खरेदीचे पक्के बिल लागते.

बसविताना होणाऱ्या चुकाही फिल्टरच्या माथी मारल्या जातात. जुन्या डब्याची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा बसला, तर गळती ठरलेली. नव्या रिंगला तेलाचे बोट लावावे, डबा हाताने टेकवावा आणि मग सुमारे पाऊण फेरा आवळावा. आट्यांचा घोटाळा तर फार वाईट. एम २० आणि पाऊण इंच ही दोन मापे इतकी जवळ आहेत की, एम २० चा डबा पाऊण इंचाच्या बोल्टवर सैल का होईना चढतो आणि तेलाच्या दाबाने पुढे निसटतो. 'दिसायला सारखाच आहे, चालेल' असे कोणी म्हटले तर गाडीच्या पुस्तकातील क्रमांक काढून दाखवावा.

त्या दुकानदाराकडे आम्ही फुटलेला डबा आणि उघडलेला खरा डबा, दोन्ही घेऊन गेलो होतो. आधी तो ऐकेना. मग दोन्ही कागद त्याच्या काउंटरवर शेजारी शेजारी पसरले. तो बराच वेळ बोलला नाही. आमचे ५३,००० काही परत आले नाहीत, बिलच नव्हते तर मागणार कशाच्या जोरावर? पण मागच्या फळीवरचे उरलेले अकरा डबे त्याने आमच्यादेखत खाली उतरवले, आणि ते कोणी आणून दिले त्याला फोन लावला.