सुट्टीतली पळापळ

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातील ऑर्लँडो शहराजवळ वॉल्ट डिस्ने वर्ल्ड आहे. तिथे पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाची सहल घरातूनच धावत सुरू होते. हॉटेलातल्या जेवणाची जागा साठ दिवस आधी धरायची, रांग टाळण्याचे पास काही दिवस आधी सकाळी सातच्या ठोक्याला मोबाइलवर मिळवायचे आणि प्रत्यक्ष दिवशी फाटक उघडण्यापूर्वीच दारात हजर राहायचे. मग मुलांचे हात धरून सर्वांत लांब रांग लागणाऱ्या राइडकडे सुटायचे, ते रात्रीची आतषबाजी संपेपर्यंत. दिवसाकाठी दहा-बारा किलोमीटर चालणे सहज होते. घरी परतल्यावर पहिले वाक्य ठरलेले असते, 'आता या सुट्टीच्या थकव्यासाठी आणखी दोन दिवस रजा हवी.'

तेच कुटुंब तिसऱ्या-चौथ्यांदा गेले की चित्र बदललेले दिसते. सकाळी दोन राइड, दुपारी खोलीवर परतून झोप, संध्याकाळी उन्हे उतरल्यावर पुन्हा बाहेर. एखादा दिवस तर नुसता तरणतलावाच्या काठावर. पैसे तेवढेच खर्च होतात, पाहिलेल्या गोष्टींची यादी मात्र निम्मीही भरत नाही, आणि माणसे ताजीतवानी होऊन परततात. हा बदल केवळ सवयीचा आहे, असे म्हणून सोडून देण्यासारखा नाही. त्यामागे मेंदूचे आणि शरीराचे बरेच काही आहे.

नेदरलँड्समध्ये येरून नावाइन आणि सहकाऱ्यांनी पंधराशेहून अधिक प्रौढांचा अभ्यास करून २०१० मध्ये निष्कर्ष मांडले. सुट्टीवर जाणारे लोक जाण्यापूर्वी इतरांपेक्षा अधिक आनंदी होते. परतल्यानंतर मात्र घरीच राहिलेल्यांच्या आणि त्यांच्या आनंदात फारसा फरक उरला नव्हता. अपवाद एकाच गटाचा होता, ज्यांनी आपली सुट्टी 'अतिशय निवांत' गेल्याचे सांगितले त्यांचा. बऱ्यापैकी निवांत गेलेल्यांनाही तो लाभ झाला नाही. फिनलंड आणि नेदरलँड्समध्ये काम केलेल्या जेसिका द ब्लूम यांच्या अभ्यासात लांब सुट्टीत मनाची व शरीराची स्थिती साधारण आठव्या दिवशी सर्वांत चांगली असल्याचे दिसले. कामावर रुजू झाल्यावर आठवडाभरातच ती मूळ पातळीवर आली. म्हणजे सुट्टीचा गुण तसाही फार दिवस टिकत नाही. त्यात ती पळण्यात घालवली, तर तो लागण्याचीही शक्यता कमी.

मग पहिल्या फेरीत माणूस थांबत का नाही? एक कारण तिकिटाचे. मॅजिक किंगडम या तिथल्या सर्वांत जुन्या उद्यानाचे एका दिवसाचे तिकीट २०१५ मध्येच शंभर डॉलरच्या पुढे गेले. चार जणांच्या कुटुंबाने रुपयांत हिशेब केला, की बाकावर बसून काढलेल्या अर्ध्या तासाचीही किंमत डोळ्यांसमोर नाचू लागते. भरलेले पैसे परत मिळणार नसतात, तरी ते 'वसूल' करण्यासाठी माणूस पाय दुखत असताना चालतो, भूक नसताना खातो. अर्थशास्त्रज्ञ याला बुडीत खर्चाचा सापळा म्हणतात. लग्नाच्या पंगतीत आणि बुफेतही तो रोज दिसतो.

दुसरे कारण अधिक खोल आहे. हे पुन्हा कधी पाहायला मिळणार नाही, ही भावना मनात असेपर्यंत प्रत्येक हुकलेली राइड तोट्यात जमा होते. शरीराच्या भाषेत सांगायचे तर अनुकंपी मज्जासंस्था दिवसभर चालू राहते. हृदयाचे ठोके थोडे वाढलेले, लक्ष सतत घड्याळाकडे, पचन मागे पडलेले. दवाखान्यात किंवा कार्यालयात जो ताण असतो तोच इथे रंगीत टोपी घालून येतो. विश्रांतीच्या काळात पुढाकार घेणारी परानुकंपी मज्जासंस्था 'आता काही हुकत नाही' अशी खात्री पटेपर्यंत नीट कामाला लागत नाही. पुन्हा येणाऱ्याकडे नेमकी ही खात्री असते. राहिलेली राइड पुढच्या वेळी आहेच, हे त्याला ठाऊक असते.

'पाहिलेलेच पुन्हा काय पाहायचे?' असा प्रश्न आपल्याकडे हमखास विचारला जातो. तो विचारणारेच गणपतीला दरवर्षी कोकणातल्या त्याच घरी जातात आणि या वेळी नवीन काय, असे कोणाला विचारत नाहीत. शिकागो विद्यापीठातील एड ओब्रायन यांनी २०१९ मध्ये याच मुद्द्यावर प्रयोग प्रसिद्ध केले. तेच प्रदर्शन, तोच चित्रपट दुसऱ्यांदा पाहताना किती मजा येईल, याचा लोकांनी बांधलेला अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी निघाला. पहिल्या वेळी नजरेतून सुटलेले बरेच काही दुसऱ्या वेळी दिसते.

दुपारच्या विश्रांतीलाही प्रयोगाचा आधार आहे. लीफ नेल्सन आणि टॉम मेव्हिस यांनी २००८ मध्ये दाखवले, की मालिशसारखा सुखद अनुभव मध्येच थांबवून पुन्हा सुरू केला, तर तो सलग अनुभवापेक्षा अधिक आवडतो. लोकांना स्वतःला मात्र उलट वाटत असते. खंड नको, असेच ते सांगतात. सुखाची सवय मेंदूला फार लवकर होते आणि खंड पडला की ती मोडते. एका तिकिटावर त्याच दिवशी बाहेर जाऊन पुन्हा आत येता येते, त्यामुळे दुपारी दोन-तीन तास खोलीवर जाण्यात तिकीट वाया जात नाही.

हा प्रश्न एरवी चैनीचा म्हणून बाजूला ठेवता आला असता. पण या उद्यानांत दर उन्हाळ्यात एक खास मराठी पाहुणा असतो. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, नातवंडांच्या शाळेला जून ते ऑगस्ट सुट्टी, आणि त्याच सुमारास पुण्या-नाशिकहून आलेले आजी-आजोबा. कुटुंबाची ती कितवी का फेरी असेना, त्यांची पहिलीच असते. त्यांना सगळे दाखवायचे या प्रेमापोटी पुन्हा पळापळ सुरू होते, आणि वय पासष्ट-सत्तर, सोबत मधुमेह आणि रक्तदाब.

जुलैत ऑर्लँडोचे दुपारचे तापमान ३३ अंशांच्या आसपास आणि हवा मुंबईसारखी दमट. 'आम्हाला उन्हाची सवय आहे', हे आजोबांचे म्हणणे अर्धेच खरे. उष्णतेशी जुळवून घ्यायला शरीराला एक ते दोन आठवडे रोज उष्णतेत राहावे लागते आणि थंड घरात काही आठवडे काढले की ते जुळवून घेणे ओसरते. महिनाभर न्यू जर्सीच्या वातानुकूलित घरात राहिलेला नाशिककर उन्हाच्या बाबतीत नवखाच असतो.

औषधांचेही पाहावे लागते. रक्तदाबाच्या अनेक गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारा घटक असतो. मधुमेहासाठी आज सर्रास दिले जाणारे डापाग्लिफ्लोझिन हेही लघवीवाटे साखरेबरोबर पाणी बाहेर टाकते. त्यात घाम, आणि स्वच्छतागृहाची रांग नको म्हणून मुद्दाम कमी प्यायलेले पाणी. उभे राहताच चक्कर येते ती यामुळे. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने जेवण पुढे ढकलून तासन् तास चालले, तर साखर एकदम खाली येऊ शकते. घाम फुटणे, हात थरथरणे, चिडचिड ही त्याची लक्षणे. उन्हात ती उन्हाचीच वाटतात आणि वेळ निघून जातो. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. निघण्यापूर्वी डॉक्टरांना सहलीचे स्वरूप सांगून डोस विचारून घ्यावा, खिशात साखर किंवा गोड बिस्किटे ठेवावीत आणि इन्सुलिन उन्हात तापणाऱ्या पिशवीत ठेवू नये.

रोलर कोस्टरचे भय मात्र थोडे वाढवून सांगितले जाते. निरोगी माणसाचे ठोके त्यात मिनिटाला दीडशेपर्यंत जातात आणि लवकरच खाली येतात. हृदयविकार, ताब्यात नसलेला रक्तदाब किंवा मानेच्या मणक्यांचे दुखणे असणाऱ्यांनी पाटीवरची सूचना पाळावी, एवढे पुरे. अशा वृद्धांना खरा धोका राइडमध्ये बसलेल्या तीन मिनिटांपेक्षा तिच्याकडे चालत जाण्यात आणि उन्हात उभे राहण्यात अधिक असतो.

पुन्हा पुन्हा जाणारे लोक आजी-आजोबांसाठी वेगळा दिवस आखतात. टुमॉरोलँडमध्ये १९७५ पासून चालणारी पीपलमूव्हर ही उंचावरची संथ गाडी दहाएक मिनिटे फिरवून आणते. कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस या फिरत्या नाट्यगृहात थंड हवेत वीस मिनिटे बसायला मिळते. पहिल्यांदा येणारे या दोन्हींकडे दुर्लक्ष करतात. एपकॉट उद्यानात तळ्याभोवती अकरा देशांची दालने आहेत (त्यांत भारत नाही). ती फेरी जवळपास दोन किलोमीटरची आहे, ती दोन संध्याकाळींत वाटून घेता येते. खाण्याच्या काउंटरवर बर्फाचे पाणी फुकट मिळते, ते मागायला लाजू नये.

लाज आड येते ती खरी चाकांच्या खुर्चीबाबत. चारही उद्यानांच्या प्रवेशापाशी ती भाड्याने मिळते. पण 'मी काही आजारी नाही' म्हणून आजोबा ती नाकारतात आणि सुनेला आग्रह करवत नाही. अशा वेळी खुर्ची सर्वांच्या पिशव्या ठेवायला म्हणून घ्यावी. दुपारी बारानंतर पिशव्या नातवाच्या हातात जातात आणि आजोबा खुर्चीत बसलेले असतात.

रात्री खोलीवर आल्यावर मधुमेही माणसाचे तळपाय उजेडात कोणीतरी पाहावेत, बोटांच्या बेचक्यांसकट. नसांची संवेदना कमी झालेली असेल, तर नव्या बुटांनी आलेला फोड दुखत नाही, त्यामुळे कळत नाही. फोड फोडू नये, स्वच्छ पट्टी बांधावी आणि दुसऱ्या दिवशी त्या पायाला चालवू नये. लाली पसरू लागली, सूज किंवा ताप आला, तर भारतात परतण्याची वाट न पाहता तिथल्याच डॉक्टरांना दाखवावे. प्रवासाचा आरोग्यविमा घेताना आधीपासूनचा मधुमेह त्यात धरला आहे का, हे निघण्यापूर्वीच वाचून घ्यावे.