मूळ संख्या, तीही स्वयंभू!

देवळालीच्या शाळेत गणित शिकविणाऱ्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी मांडलेला एक साधा प्रश्न २००६ मध्ये तब्बल ७२ लाख ३५ हजार ७३३ अंकी संख्येपर्यंत जाऊन पोहोचला. दोनच्या २४०३६५८३ व्या घातातून एक वजा केल्यास ही संख्या मिळते. दर सेकंदाला एक अंक याप्रमाणे ती न थांबता लिहायची झाल्यास सुमारे ८४ दिवस लागतील. जगभरातील स्वयंसेवकांच्या संगणकांवर चालणाऱ्या शोधप्रकल्पात जोश फिंडले यांना ती मे २००४ मध्ये सापडली. एक आणि स्वतः याखेरीज तिला विभाजक नाही. म्हणजेच ती मूळ संख्या आहे.

कापरेकरांचा प्रश्न विभाजकांचा नव्हे, अंकांच्या बेरजेचा होता. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्माला येते. उदाहरणार्थ, १५ मध्ये १ आणि ५ मिळवल्यास २१ येतात. म्हणून १५ ही २१ ची जनक. १०१ ला तर ९१ आणि १०० असे दोन जनक आहेत. मात्र २०, ३१, ९७ यांना जनकच नाही. अशा संख्यांना त्यांनी ‘स्वयंभू’ म्हटले. २३ ही मूळ संख्या असली तरी १६ पासून जन्मते; ९७ मात्र मूळही आहे आणि स्वयंभूही.

एवढ्या अवाढव्य संख्येचा जनक शोधायचा कसा? ७२ लाख अंकांची बेरीज फार तर साडेसहा कोटींच्या आसपास जाते. त्यामुळे जनक असलाच तर तो तेवढ्याच अंतरावर असणार. म्हणजे बदलतील ते शेवटचे आठ अंक; त्यांच्या आधीचा भाग तसाच राहील किंवा हातच्यामुळे एकाने कमी होईल. या दोन शक्यता आणि आठ अंकांची ० ते ७२ पर्यंतची बेरीज धरली, तर अवघे १४६ उमेदवार उरतात. त्यांतील एकही जनक ठरत नाही. ही संख्या स्वयंभू असल्याचे ल्यूक पेबडी यांनी ऑक्टोबर २००६ मध्ये दाखवून दिले. त्या वेळी माहीत असलेल्या, याहून मोठ्या मर्सेन मूळ संख्या मात्र या कसोटीस उतरल्या नाहीत.

या दोन गुणधर्मांत एक मूलभूत भेद आहे. मूळ संख्या कोणत्याही लेखनपद्धतीत मूळच राहते. स्वयंभूपण मात्र दहाच्या पायावर लिहिलेल्या अंकांवर अवलंबून असते. त्यामुळेच अशा संशोधनाकडे निव्वळ करमणूक म्हणून पाहिले गेले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात दखल घेतल्यानंतर कापरेकरांचे नाव जगभर पोहोचले. ज्या संख्येचा मूळपणा सिद्ध करण्यास शक्तिशाली संगणक राबवावा लागतो, तिचे स्वयंभूपण मात्र शाळेत शिकलेल्या बेरीज-वजाबाकीने तपासता येते, हेच या प्रश्नाचे वैशिष्ट्य.