देणगीचा अर्ज

विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी पैसाफंडाची कल्पना महाराष्ट्रापुढे मांडली. देशी उद्योगांसाठी प्रत्येकाने निदान एक पैसा द्यावा, एवढेच त्यांचे मागणे होते. आणि त्याच फंडातून पुढे तळेगाव येथे काचकारखाना उभा राहिला. मागणे इतके लहान ठेवण्यात मोठी समज होती. द्यावेसे वाटणे आणि प्रत्यक्ष देणे यांच्यामध्ये जितक्या पायऱ्या अधिक, तितके देणारे वाटेत गळतात.

या पायऱ्या आज मोजावयाच्या तर संस्थेच्या संकेतस्थळावरील देणगीच्या अर्जापाशी जावे लागते. वर्गणी गोळा करणारा स्वयंसेवक दारात उभा राही, पावती-पुस्तक काढी, नाव नि रक्कम लिहून पावती फाडून हाती देई. कोणी शंका काढलीच, तर तिथल्या तिथे समजावून सांगे. संकेतस्थळावर हा माणूस नाही. त्याचे सौजन्य, त्याची चिकाटी, त्याचा हिशेब, हे सारे त्या अर्जालाच सांभाळावे लागते. अर्ज नीट नसेल तर आलेला दाता न बोलता परत जातो, आणि तो आला होता हेही संस्थेला बहुधा कळत नाही. एखाद्या वसतिगृहाचा महिन्याचा किराणा अशाच लहान लहान देणग्यांवर चालत असेल, तर हे नुकसान किरकोळ म्हणता येणार नाही.

पहिला दोष अतिचौकशीचा. जन्मतारीख, व्यवसाय, आपणास आमची माहिती कोठून मिळाली, असे प्रश्न पैसे हाती पडण्यापूर्वीच विचारले जातात. वास्तविक यांतील पुष्कळ प्रश्न नंतर, आभाराच्या पत्रातून, विचारता येतात. पॅन क्रमांकाची गोष्ट थोडी निराळी आहे. देणगीदारांची यादी आयकर खात्याकडे पाठविण्याचे बंधन २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून अशा संस्थांवर आले, आणि दात्याला मिळावयाची करसवलत त्या यादीशी जोडली गेली. म्हणून ही चौकट लागतेच. परंतु ती का लागते, हे एका ओळीत सांगणारे अर्ज थोडे. कारण न सांगता पॅन मागितला की सावध माणूस दचकतो, आणि फसवणुकीच्या आजच्या दिवसांत त्याचे दचकणे योग्यच होय. शिवाय नव्या करपद्धतीचा स्वीकार केलेल्यांना ही सवलत मिळत नाही. तेव्हा ‘कर वाचवा’ ही घोषणा सर्वांसाठी ठळक अक्षरांत छापणे हे अर्धसत्यच ठरते.

परदेशस्थ मराठी माणसांच्या बाबतीत तर चुकीचा प्रश्न हमखास विचारला जातो. ‘आपण कोठे राहता?’ असे अर्ज विचारतो. कायदा मात्र नागरिकत्व पाहतो. भारतीय पासपोर्ट बाळगणाऱ्याने दुबईहून आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठविलेली देणगी परकीय देणगी मानली जात नाही. उलट, अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेला मनुष्य पुण्यात बसून देणगी देऊ लागला, तरी ती परकीय ठरते. ती घेण्यास संस्थेपाशी परकीय देणगी नियमन कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनुसार ती रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतील खात्यातच उतरावी लागते. अर्जातील एक शब्द बदलल्याने पुढचा केवढा घोळ टळतो पाहा!

पैसे भरण्याची पायरी सर्वांत निसरडी. २०१६ साली यूपीआय आल्यापासून शंभर-दोनशे रुपये देणे चहाचे बिल चुकविण्याइतके सोपे झाले. तरीही कित्येक संस्था पानावर केवळ क्यूआर कोडचे चित्र लावून स्वस्थ बसतात. दाता ते पान मोबाईलवरच पाहत असतो. ज्या पडद्यावर चित्र आहे, त्याच मोबाईलचा कॅमेरा त्या चित्रावर कसा धरावयाचा? तेथे पैसे भरण्याचे ॲप थेट उघडणारे बटण हवे, आणि हाताने लिहून घेता येईल असा संस्थेचा यूपीआय पत्ताही हवा. मधूनच संपर्क तुटतो. खात्यातून रक्कम गेलेली, पावती मात्र नाही. अशा वेळी ‘चूक झाली, पुन्हा प्रयत्न करा’ असे सांगणारा अर्ज दात्याला दोनदा पैसे भरावयास लावतो. ‘व्यवहाराची खात्री होत आहे, कृपया पुन्हा भरू नका’ हे शुद्ध मराठीतले वाक्य तेथे अधिक कामाचे.

रकमा सुचविण्यात गैर काही नाही. १०१, २५१, ५०१ हे आकडे आपल्या वर्गणीच्या परंपरेतलेच आहेत, आणि अमुक रकमेत काय होते हे खरेपणाने सांगितले तर दात्याला आधार वाटतो. गैर आहे ते ‘दरमहा’ या चौकटीत आधीच बरोबरची खूण करून ठेवणे. घाईत ती दात्याच्या नजरेतून सुटावी, हाच तिचा हेतू असतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत ग्राहकाच्या संमतीवाचून खरेदीच्या बिलात धर्मादाय रक्कम घुसडण्याचा प्रकारही नावानिशी गणला आहे. दुकानदाराला जे वर्ज्य, ते सेवाभावी संस्थेने का करावे? दरमहा देणगी वाईट नव्हे, ती संस्थेचा कणाच होय. पण ती दात्याने स्वतःच्या बोटाने निवडलेली असावी, आणि थांबविण्याची वाट सुरू करण्याच्या वाटेइतकीच उघडी असावी.

अर्ज बरा की वाईट, हे सभेत बसून ठरत नाही. संस्थेतील कोणी तरी महिन्याच्या पहिल्या तारखेला आपल्याच साध्या मोबाईलवरून अकरा रुपये भरून पाहावे. किती चौकटी लागल्या, कोठे अडले, पावती कधी आली, हे वहीत टिपावे. मग तोच मोबाईल चष्मा लावणाऱ्या, इंग्रजी न येणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्या हितचिंतकाच्या हाती द्यावा, आणि ते अडतील तेथे मदत न करता नुसते पाहत बसावे.